वाचकांचे प्रश्न : विनआरटीवरून एवढं भांडण का झालं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की विंडोज ८ सोबत आलेली विनआरटी ही मायक्रोसॉफ्टने त्या दशकात बांधलेली सगळ्यांत नेटकी वस्तू होती आणि तीच लोकांच्या हातात सगळ्यांत वाईट पद्धतीने दिली गेली. या एका वाक्यावर आलेली पत्रं पाहता पूर्ण सदर त्यालाच द्यावं लागतंय. काहींना वाक्याचा पहिला भाग खटकला, काहींना दुसरा, आणि एकाला मी मुळात हा विषय उकरून काढल्याचाच राग आला आहे. त्यांचं पत्र छापत नाही, पण पोचलं एवढं कळवते.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विनआरटी हे नाव मी तुमच्या सदरातच पहिल्यांदा वाचलं. ही भाषा होती, फ्रेमवर्क होतं की ऑपरेटिंग सिस्टिम? विंडोज आरटी म्हणजे तेच का?

उत्तर : तेच नाही, आणि तुझा गोंधळ झाला यात तुझा दोष नाही. विंडोज आरटी ही एआरएम प्रोसेसरवर चालणारी विंडोज ८ ची आवृत्ती; पहिल्या सरफेस टॅब्लेटवर ती होती. विनआरटी, म्हणजे विंडोज रनटाइम, हा विंडोजच्या आतला एपीआयचा, म्हणजे ॲपने विंडोजकडून कामं करून घ्यायच्या तयार फंक्शन्स आणि क्लासेसचा, थर. तो विंडोज ८ च्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये होता, आणि तुझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर आत्ताही त्यात आहे. दोन वेगळ्या गोष्टींना इतकी सारखी नावं ज्यांनी दिली त्यांना एकदा भेटायची इच्छा आहे.

तो थर का लागला हे कळायला थोडं मागे जावं लागेल. विंडोजवर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे मुळात विन३२. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत आलेला हा एपीआय सी भाषेतल्या फंक्शन्सचा. खिडकी उघडली की एक हँडल मिळतं, ते सांभाळायचं, मेसेज लूप फिरवत ठेवायचं, शेवटी सगळं आपणच आवरायचं. मी नोकरीला लागले तेव्हा हेच लिहीत होते. क्रिएट-विंडो-ईएक्स या फंक्शनला बारा पॅरामीटर लागतात आणि त्यांचा क्रम मला अजून झोपेत विचारला तरी सांगता येईल. त्याच काळात कॉम आलं (वेगवेगळ्या भाषांतल्या तुकड्यांना एकमेकांशी बोलवायची पद्धत), २००२ मध्ये डॉटनेट (सी-शार्पसारख्या भाषांचा प्लॅटफॉर्म), २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ (त्यावरची स्क्रीन रचायची लायब्ररी), २००७ मध्ये ब्राउझरच्या आत चालणारं सिल्व्हरलाइट. नवं काही आलं की ते जुन्याच्या वर बसायचं. तळाशी विन३२ तसंच राहायचं.

विनआरटी वर बसवली नाही, विन३२ च्या शेजारी उभी केली. ती आतून नेटिव्ह कोड आहे, डॉटनेटसारखं व्हर्च्युअल मशीन नाही. पाया कॉमचाच, पण प्रत्येक क्लासची पूर्ण माहिती विनएमडी नावाच्या फायलीत ठेवलेली, आणि त्या फायलीचा फॉरमॅट उचलला डॉटनेटकडून. त्यामुळे तोच क्लास सी प्लस प्लस, सी-शार्प, व्हिज्युअल बेसिक आणि जावास्क्रिप्ट या चारही भाषांना आपापल्या वळणाने दिसतो. विनआरटीतली यादी सी-शार्पमध्ये डॉटनेटची लिस्ट म्हणून वापरता येते, जावास्क्रिप्टमध्ये ॲरेसारखी. इतकं की जावास्क्रिप्टमध्ये मेथडच्या नावाचं पहिलं अक्षर आपोआप स्मॉल होतं, कारण तिथे तशीच पद्धत आहे. हे काम कुणीतरी जीव ओतून केलेलं आहे. कॉमचे जुने दिवस ज्यांनी काढले आहेत, इंटरफेसचे आयडी चिकटवत आणि रेफरन्स मोजत, त्यांना हे पहिल्यांदा पाहून काय वाटलं असेल ते तुला सांगून कळणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे असिंक: काम सुरू करून द्यायचं, ते संपेपर्यंत अडून राहायचं नाही. ज्या कामाला पन्नास मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो त्याचा एपीआय फक्त असिंकच द्यायचा, असा नियम त्यांनी केला. फाइल उघडायची? असिंक. फोल्डर वाचायचं? असिंक. थांबून राहणारा पर्याय ठेवलाच नाही. बोटाखाली स्क्रीन अडकता कामा नये हा हेतू. २०१२ मध्ये आलेल्या सी-शार्प ५ मध्ये असा कोड सरळ ओळीत लिहू देणारं असिंक-अवेट होतं, म्हणून सी-शार्पवाल्यांचं निभावलं. सी प्लस प्लसवाले तेव्हा एका टास्कला दुसरं टास्क, त्याला तिसरं असं जोडत उजवीकडे सरकत जायचे, आणि मधल्या टास्कमध्ये एरर आली की ती नेमकी कुठून आली हे शोधत बसायचे.

तिसरी गोष्ट सँडबॉक्स, म्हणजे ॲपभोवतीचं कुंपण. ॲपला काय-काय हवंय ते मॅनिफेस्ट नावाच्या फायलीत आधी जाहीर करायचं. हार्ड डिस्कवर मनमानी फिरता यायचं नाही, वापरणाऱ्याने पिकरमधून फाइल निवडून दिली तरच ती हाती. स्क्रीनवरून बाजूला गेलेलं ॲप सिस्टिम झोपवणार, आणि त्याआधी आवराआवरीला सुमारे पाच सेकंद. तू मोबाइलवर ॲप लिहीत असशील तर म्हणशील, यात विशेष काय? २०११ मध्ये डेस्कटॉपवाल्यांना हे विशेष होतं.

प्रश्न : मॅडम, मी सिल्व्हरलाइटवर काम केलेला माणूस. "वाईट पद्धतीने दिली गेली" हे तुमचे शब्द फार सौम्य आहेत. आम्हाला रस्त्यावर आणलं होतं. आज सगळे म्हणतात, डेव्हलपर उगाच रागावले, तंत्रज्ञान तर चांगलं होतं. आमचा राग चुकीचा होता का?

उत्तर : नव्हता. पण तो कशाचा होता ते नीट वेगळं करायला हवं, कारण तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे राग एकात मिसळले आहेत.

पहिला राग गप्प बसण्याचा. जून २०११ मध्ये विंडोज ८ पहिल्यांदा लोकांना दाखवलं तेव्हा सांगितलं गेलं की नव्या प्रकारची ॲप्स एचटीएमएल ५ आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतील. डॉटनेटचं नाव नाही, सिल्व्हरलाइटचं नाव नाही. लोकांनी विचारलं तर उत्तर एकच: सप्टेंबरमधल्या बिल्ड या डेव्हलपर परिषदेपर्यंत थांबा. म्हणजे ज्यांनी दहा वर्षं डॉटनेटमध्ये घातली त्यांना सगळा पावसाळा अंदाज बांधत काढायला लावला. त्याच्या आधी, २०१० च्या शरदात, कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सिल्व्हरलाइटबाबतचं धोरण बदललं असल्याचं मुलाखतीत सांगून टाकलेलं होतं, त्यामुळे घाबरायला निमित्त होतंच. आमच्या ऑफिसात त्या महिन्यांत दोन चांगल्या मुलांनी नोकरी बदलून वेबची वाट धरली. त्यांना विनआरटी आवडली नाही असं नव्हतं. तेव्हा ती कुणी पाहिलेलीच नव्हती.

मग १३ सप्टेंबर २०११ ला ॲनाहाइममध्ये बिल्ड सुरू झाली आणि तो प्रसिद्ध तक्ता पडद्यावर आला. डावीकडे हिरवे चौकोन, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून मिळणाऱ्या नव्या ॲप्सचे, ज्यांना तेव्हा मेट्रो म्हणत. उजवीकडे निळे, डेस्कटॉपचे. सी-शार्प आणि झॅमल (स्क्रीन कशी दिसेल ते लिहायची भाषा, सिल्व्हरलाइटमधलीच) हिरव्या बाजूला होते, म्हणजे जीव भांड्यात पडला. पण "डॉटनेट, सिल्व्हरलाइट" असं लिहिलेला चौकोन निळ्या बाजूला, कोपऱ्यात. तो तक्ता पाहून एकाच खोलीतली माणसं दोन उलट निष्कर्ष घेऊन बाहेर पडली. कुणी म्हणालं, वाचलो. कुणी म्हणालं, आपल्याला म्युझियममध्ये ठेवलं. दोघांचं खरं होतं, तुमचं काम झॅमल आणि सी-शार्प येण्यावर चालतं की तयार सिल्व्हरलाइट कोडवर चालतं, यावर ते ठरत होतं.

इथेच दुसरा राग. डोक्यातलं ज्ञान पुढे नेता येत होतं, कोड तसाच्या तसा येत नव्हता. नेमस्पेस बदललेली, सिस्टिम-डॉट-विंडोजच्या जागी विंडोज-डॉट-यूआय-डॉट-झॅमल. तेवढं शोधा-आणि-बदला करून झालंही असतं. पण कंट्रोल्स कमी, बाइंडिंगमधल्या काही सोयी गायब, आणि फाइल-नेटवर्कचा सगळा कोड असिंकमध्ये नव्याने लिहायचा. एक असिंक मेथड आली की तिला हाक मारणारी असिंक, तिलाही हाक मारणारी असिंक, असं करत ते बटणापर्यंत पोचतं. ज्यांचं डब्ल्यूपीएफ किंवा विनफॉर्म्समधलं ॲप थेट डेटाबेसशी बोलायचं त्यांची तर आणखी पंचाईत: स्टोअर ॲप्ससाठी दिलेल्या डॉटनेटमध्ये एसक्यूएल सर्व्हरशी थेट बोलणारी लायब्ररीच नव्हती. मध्ये वेब सर्व्हिस घाला, असं उत्तर मिळायचं. ती सोय परत यायला २०१७ साल उजाडलं.

तिसरा राग मला सगळ्यांत रास्त वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं. मी तेव्हा एका गोदामाच्या साठ्याचं ॲप सांभाळत होते, सिल्व्हरलाइटमधलंच. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की चालू. नवी आवृत्ती सर्व्हरवर टाकली की दुसऱ्या सेकंदाला सगळ्यांकडे. आमच्या टीममध्ये विनआरटीचा प्रयोग झाला, दोन स्क्रीन अगदी सुंदर उतरल्या, स्पर्शाला इतक्या हलक्या की क्लायंटकडचे लोक बोटाने ओढून खेळत बसले. आणि मग त्यांच्या आयटी विभागाने विचारलं: आमच्या विंडोज ७ च्या मशिनांवर हे चालेल ना?

चालणार नव्हतं. विनआरटी फक्त विंडोज ८ वर. डब्ल्यूपीएफ आलं तेव्हा ते व्हिस्टासोबतच जुन्या एक्सपीवरही बसवता येत होतं; सिल्व्हरलाइट तर मॅकवरही चालायचं. इथे मात्र नवं ॲप लिहायचं तर ज्यांनी नवी विंडोज घेतली आहे त्यांच्यासाठीच, आणि ऑफिसांनी ती घेतलेली नव्हती. बरीच ऑफिसं नुकतीच कुठे एक्सपीवरून ७ वर आली होती. शिवाय ॲप पोचवायचं स्टोअरमधून. कंपनीच्या आतल्या ॲपला साइडलोडिंगची, म्हणजे स्टोअर टाळून बसवायची, वाट होती, पण ती एंटरप्राइज आवृत्ती आणि डोमेन यांच्या अटींतून जाणारी, नाहीतर वेगळी परवाना-की विकत घ्यायची. गोदामातल्या माणसाला बारकोड स्कॅन करायचा आहे आणि आपण परवान्यांचे तक्ते वाचतोय.

तो प्रयोग तिथेच बंद झाला. जुनं सिल्व्हरलाइट ॲप पुढे अनेक वर्षं चाललं. डिसेंबर २०११ मध्ये सिल्व्हरलाइट ५ आलं, ते शेवटचं मोठं. आणि आधार अधिकृतपणे संपला १२ ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे तुम्हाला रस्त्यावर आणायला त्यांनी दहा वर्षं घेतली, हेही नोंदवून ठेवते. मेलेल्या प्लॅटफॉर्मवर पगार मिळत राहतो. उमेद मिळत नाही, तो भाग वेगळा.

प्रश्न : मी सी प्लस प्लस प्रोग्रॅमर. मला तर २०११-१२ चा काळ आनंदाचा वाटला होता. इतकी वर्षं मायक्रोसॉफ्टच्या परिषदांत आम्ही मागच्या बाकावर होतो, पहिल्यांदाच पुढे बसवलं. तक्रार करणारे सगळे डॉटनेटवालेच होते ना?

उत्तर : तुमचा आनंद मला आठवतोय, कारण आमच्या टीममधला एक सी प्लस प्लसवाला त्या काळात फारच छाती काढून फिरत होता. झॅमलचं इंजिन नेटिव्ह, त्याला सी प्लस प्लसमधून थेट हात लावता येतो, डायरेक्ट-एक्स या ग्राफिक्सच्या एपीआयचं चित्र आणि झॅमलची बटणं एकाच स्क्रीनवर. हे डॉटनेटच्या दशकात मिळालं नव्हतं. तुमचं म्हणणं मान्य.

पण तक्रारी तुमच्याही गोटात होत्या. सी प्लस प्लस-सीएक्स नावाचं जे भाषेचं विस्तारित रूप दिलं, त्यातल्या पॉइंटरवरच्या टोपीच्या (^) चिन्हाने किती माणसं भडकली होती! स्टँडर्ड सी प्लस प्लस लिहिणाऱ्याला हे आपल्या भाषेत बाहेरच्याने केलेलं खोदकाम वाटलं. नको असेल तर डब्ल्यूआरएल ही साधी टेम्प्लेटांची लायब्ररी होती, आणि ती वापरली की कॉमचे जुने दिवस परत. यावरचं खरं उत्तर पुढे सी प्लस प्लस-विनआरटी या रूपाने आलं: शुद्ध स्टँडर्ड सी प्लस प्लस १७, फक्त हेडर फायली, टोपी नाही. २०१८ पासून ते विंडोज एसडीकेचा (ॲप लिहायच्या साधनांच्या संचाचा) भाग आहे. पहिल्याच दिवशी ते असतं तर तुमच्यातला निम्मा वाद झालाच नसता.

आणखी एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. मे २०१२ मध्ये कळलं की व्हिज्युअल स्टुडिओच्या (प्रोग्रॅम लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या) पुढच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीत मेट्रो आणि वेबची ॲप्सच बनवता येणार. साधा डेस्कटॉपचा किंवा काळ्या कन्सोलचा प्रोग्रॅम लिहायचा तर विकतची आवृत्ती घ्या. शिकणाऱ्या पोरांनी "हॅलो वर्ल्ड" कुठे लिहायचं? तेव्हा ओरडा करणाऱ्यांत सी प्लस प्लसवाले सगळ्यांत पुढे होते. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली आणि डेस्कटॉपसाठी वेगळी एक्सप्रेस जाहीर केली. मला वाटतं लोकांच्या मनातला संशय पक्का झाला तो या प्रकरणाने. तक्त्यातला निळा रंग हा नुसता रंग नाही, तिकडची वाट हळूहळू अरुंद करायची आहे, असा अर्थ लोकांनी काढला.

गेम बनवणाऱ्यांनी तर तोच अर्थ सर्वांत मोठ्याने सांगितला. व्हॉल्व या गेम कंपनीचे गेब न्यूवेल यांनी जुलै २०१२ मध्ये विंडोज ८ ही पीसीच्या जगातल्या सगळ्यांसाठी आपत्ती आहे असं जाहीरपणे म्हटलं. त्यांचं स्टीम हे स्वतःच गेमचं एक दुकान, तेव्हा त्यात त्यांचा स्वार्थ होताच. पण मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये तेव्हा विक्रीचे तीस टक्के मायक्रोसॉफ्टचे (पंचवीस हजार डॉलरांच्या वर गेलात तर वीस) आणि नव्या प्लॅटफॉर्मला दुसरं दारच नाही, हे चित्र पाहून न्यूवेल यांच्या जागी मी असते तरी लिनक्सची तयारी सुरू केली असती. त्यांनी ती केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं.

प्रश्न : जावास्क्रिप्टवाल्यांना तर सगळं आयतं मिळालं होतं. तेही खूश का झाले नाहीत?

उत्तर : कारण वेबवाला वेब लिहितो ते सगळीकडे चालावं म्हणून. फक्त विंडोजवर चालणारं जावास्क्रिप्ट त्याला कशाला हवं?

प्रश्न : ॲपलने जुनं तोडलं तर त्याला धाडस म्हणतात, मायक्रोसॉफ्टने तोडलं तर विश्वासघात. हा दुजाभाव नाही का? ॲपलच्या डेव्हलपरांनी कधी कुरकुर केली नाही.

उत्तर : केली, आणि चांगलीच केली. ती इतकी जुनी झाली आहे की आता कुणाला आठवत नाही.

१९९७ मध्ये, नेक्स्ट ही कंपनी विकत घेतल्यावर, ॲपलने डेव्हलपरांना सांगितलं की पुढची सिस्टिम रॅप्सडी. तिच्यासाठी ॲप्स नव्या ऑब्जेक्टिव्ह-सीच्या प्लॅटफॉर्मवर लिहा, जुनी ॲप्स एका वेगळ्या डब्यात जशीच्या तशी चालतील. अडोबी आणि मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपन्यांनी साफ सांगितलं, आम्ही लाखो ओळी पुन्हा लिहिणार नाही. त्या कंपन्यांशिवाय मॅकला अर्थ नव्हता. ॲपल नमली. १९९८ मध्ये कार्बन जाहीर झालं: जुन्या मॅकचा एपीआय, न झेपणारे भाग काढून, नव्या सिस्टिमवर चालणारा. त्यामुळे मार्च २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं तेव्हा फोटोशॉपच्या कोडला यायला वाट होती. कार्बनमधलं ॲप आणि कोकोमधलं, म्हणजे त्या नव्या ऑब्जेक्टिव्ह-सीच्या प्लॅटफॉर्मवरचं, ॲप एकाच डेस्कटॉपवर शेजारी-शेजारी चालायचं आणि वापरणाऱ्याला फरक सहसा कळायचा नाही.

त्या जुन्या एपीआयला त्यांनी किती काळ दिला पाहा. २००७ च्या जूनमध्ये ॲपलने ६४ बिटांचं कार्बन अचानक रद्द केलं, तेव्हा पुन्हा ओरड झाली. त्याचा परिणाम म्हणून २००८ च्या फोटोशॉप सीएस४ ला ६४ बिट मिळाले ते फक्त विंडोजवर. मॅकवाल्यांना २०१० च्या सीएस५ पर्यंत थांबावं लागलं. आणि कार्बनची शेवटची ॲप्स चालायची बंद झाली २०१९ मध्ये, कॅटालिनाने ३२ बिट काढून टाकले तेव्हा. जाहीर झाल्यापासून एकवीस वर्षं.

विंडोज ८ नेही जुनं तोडलं नव्हतं, हे तुमच्या बाजूने मान्य करते. विन३२ ॲप्स इंटेलच्या मशिनांवर छान चालत होती. बिनसलं ते दोघांना एकत्र येऊ न देण्यात. नवं ॲप पूर्ण स्क्रीन व्यापणार किंवा कडेला ३२० पिक्सेलच्या पट्टीत बसणार. डेस्कटॉपच्या खिडकीत येणार नाही. मोठ्या मॉनिटरवर हवामानाचं ॲप सगळा पडदा भरून टाकायचं. आणि जुन्या ॲपमध्ये एखादी स्क्रीन नव्या झॅमलची बसवावी म्हटलं तर ते शक्य नव्हतं. वीस वर्षांचा कोड असलेल्या माणसाला एक-एक स्क्रीन बदलत पुढे जायचं असतं. त्याला "सगळं किंवा काहीच नाही" असं सांगितलं की तो काहीच नाही निवडतो. जुन्या खिडकीत नवं झॅमल बसवायची सोय, झॅमल आयलंड्स, जाहीर झाली २०१८ मध्ये. तोवर बहुतेकांनी इलेक्ट्रॉनकडे (आत ब्राउझर घालून वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायच्या साधनाकडे) तोंड वळवलं होतं, आणि आज तुमच्या मशीनवर प्रत्येक चॅट ॲपसोबत एक अख्खा ब्राउझर चालतो त्याचं एक कारण हेही आहे. एकच कारण नाही, पण आहे.

विंडोज फोनवाल्यांची कथा तर याहून वाईट. फोन ७ साठी सिल्व्हरलाइट आणि गेम लिहायचं एक्सएनए शिकून घेतलं, मग २०१२ मध्ये फोन ८ आला, तो जुन्या फोनांवर चढवता येणार नाही असं कळलं, आणि पाठोपाठ एक्सएनए बंद. त्या लोकांपुढे "विश्वासघात" हा शब्द जड आहे असं मी तरी म्हणणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी आठ जणांची टीम चालवतो. आमचं ॲप ॲन्ड्रॉइड आणि आयओएसवर आहे. आता क्लायंट म्हणतो हुआवेच्या हार्मनीओएस नेक्स्टवर आणा. टीममध्ये दोन तट पडले आहेत. निम्मे उत्सुक, निम्मे विंडोज फोनची आठवण काढून नाही म्हणतात. निर्णय कसा घ्यावा?

उत्तर : तुमच्या टीममधले दोन्ही तट प्रामाणिक असतील, पण त्यांचं मत आधी बाजूला ठेवा. नव्या प्लॅटफॉर्मबद्दल डेव्हलपर काय म्हणतो हे बरंचसं त्याच्या आजच्या कोडवरून ठरतं. कोरी पाटी असलेला मुलगा भाषा पाहतो. ज्याच्या अंगावर जुना कोड आहे तो खर्च पाहतो. दोघांना एकाच मीटिंगमध्ये "कसा वाटला प्लॅटफॉर्म" असं विचारलं तर भांडण होणारच.

हार्मनीओएस नेक्स्टची गोष्ट विंडोज ८ पेक्षा एका अर्थाने सोपी आहे. तिथे ॲन्ड्रॉइडची ॲप्स थेट चालत नाहीत, म्हणजे जुनं चालू ठेवून नव्याकडे कानाडोळा करायचा सोपा मार्ग नाही. ते वापरणारे लोक तुम्हाला हवे आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न. क्लायंटकडून हे आकड्यात घ्या. "भविष्य तिकडे आहे" हा आकडा नाही. आज त्याचे किती ग्राहक त्या सिस्टिमवर आहेत? विंडोज ७ वाल्या आयटी विभागाने आम्हाला विचारलेला प्रश्न हाच होता, फक्त उलट्या बाजूने.

तांत्रिक बाजू फार भीतीदायक नाही. आर्कटीएस ही भाषा टाइपस्क्रिप्टवरून आलेली, पण जास्त कडक. "एनी" (काहीही चालेल असा) टाइप लावून वेळ मारून नेणाऱ्यांना ती वठणीवर आणते. (तुमच्या टीममधले नाराज कोण आहेत याचा अंदाज मला इथेच येतो.) स्क्रीन आर्कयूआयमध्ये, डिक्लेरेटिव्ह पद्धतीने, आयओएसचं स्विफ्ट-यूआय किंवा ॲन्ड्रॉइडचं कंपोज लिहिणाऱ्याला ओळखीची वाटेल. तुमचं धंद्याचं लॉजिक सी प्लस प्लसमध्ये वेगळं काढलेलं असेल तर ते बरंचसं तसंच नेता येतं. कोटलिन आणि स्विफ्टच्या स्क्रीनमध्ये विखुरलेलं असेल तर तो तिसऱ्यांदा लिहायचा खर्च आहे, आणि तो क्लायंटच्या बिलात स्पष्ट ओळ म्हणून यायला हवा. "पोर्टिंग" या गोंडस शब्दाखाली तो लपवू नका.

आणखी एक तपासणी मी नेहमी करते. प्लॅटफॉर्म बनवणारा स्वतःचं मोठं सॉफ्टवेअर त्यावर लिहितो का? विंडोज आरटीवर बाहेरच्या कुणालाही डेस्कटॉप ॲप चालवायची परवानगी नव्हती. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस मात्र त्याच मशीनवर, त्याच डेस्कटॉपवर, विन३२ मध्येच चालत होतं. आम्हाला सांगत होते की नव्या घरात राहायला या, आणि स्वतः जुन्या घरात झोपत होते. त्यांचं ऑफिस विनआरटीत लिहिलं गेलं असतं तर एसक्यूएलची लायब्ररी, खिडक्यांचा आकार, प्रिंटिंग यांच्या तक्रारी त्यांच्याच इमारतीतून आल्या असत्या आणि सहा महिन्यांत सुटल्या असत्या. तेव्हा तुम्ही ज्या प्लॅटफॉर्मवर जाताय तिथे त्यांचा स्वतःचा ईमेल, कॅलेंडर, ब्राउझर कशात लिहिलेला आहे ते पाहा. जाहिरातीत ते सहसा सांगत नाहीत, पण डेव्हलपर टूल्स लावून थोडं खोदलं की दिसतं.

उत्सुक असलेल्यांपैकी दोघांना एक छोटी, पण खरी स्क्रीन द्या. लॉगिनची देऊ नका, ती सगळीकडे सोपी असते. ऑफलाइन डेटा आणि नोटिफिकेशन दोन्ही लागतात अशी द्या. आणि नाराजांपैकी एकाला त्यांचा कोड तपासायला बसवा.

प्रश्न : मग ती "नेटकी वस्तू" आज गेली कुठे?

उत्तर : कुठेच गेली नाही. विंडोज १० सोबत जुलै २०१५ मध्ये तिच्यावरच्या ॲप्सचा प्लॅटफॉर्म यूडब्ल्यूपी या नावाने आला, ॲप्स खिडकीत आली, आणि तोवर फोनचा खेळ संपत आला होता. पुढे मायक्रोसॉफ्टने झॅमलचा भाग विंडोजपासून सोडवून वेगळा दिला. विनयूआय ३ या नावाने तो विंडोज ॲप एसडीकेमध्ये आहे आणि साध्या डेस्कटॉप ॲपमधून वापरता येतो, स्टोअरची सक्ती नाही, सँडबॉक्सची नाही. खालची विनआरटी, म्हणजे विनएमडी फायली आणि त्यावरून भाषेगणिक बनणारी रूपं, जशीच्या तशी कामाला आहे. आता तर रस्ट भाषेसाठीही मायक्रोसॉफ्टने तीच माहिती वापरून लायब्ररी दिली आहे. माझ्या सध्याच्या कामात एक जुनं विन३२ ॲप आहे, बारा पॅरामीटरवालं, आणि त्यातून कोपऱ्यातली नोटिफिकेशन दाखवायला मी विनआरटीचाच क्लास बोलावते. चार ओळींत होतं.

विनयूआय ३ बद्दल लोक काय म्हणतात असं आणखी एका वाचकाने विचारलं आहे. तिथेही दोन तट आहेत. त्याचं उत्तर पुढच्या अंकात, कारण त्याआधी मला त्यात डेटाग्रिड, म्हणजे तक्ते दाखवायचं तयार कंट्रोल, नसल्याचा राग जरा शांत करायचा आहे.